नोटेवरची घुगरी

सोनीबाईनं ती नोट आधी हातानं फाडून पाहिली, मग दातानं. दाताखाली ती नुसती कडकड वाजली आणि न फाटता बाहेर आली, वर लाळ आणि दातांचे वण तेवढे राहिले. मग तिनं ती मुठीत धरून जीव खाऊन चुरगाळली, तर मूठ उघडल्याबरोबर ती हळूहळू अंग सोडवत पुन्हा सपाट झाली. मेली कागदाची असती तर एव्हाना चुलीत गेली असती! चुलीतही घालून झालं होतं म्हणा. एक कोपरा आक्रसला, घरभर घाण वास सुटला, सून बबिता नाकाला पदर लावून आत आली आणि सोनीबाईला ती घाईघाईनं चिमट्यानं बाहेर ओढावी लागली. म्हणून आज ती गोठ्यामागच्या दगडावर येऊन बसली होती.

खरी नोट नव्हतीच ती. नमुन्याची होती, प्लास्टिकची, कोपऱ्यात 'नमुना' असं ठसठशीत छापलेली. पानठेल्यावर दिली असती तर पानवाल्यानं हसून परत केली असती. पण तिच्यावर सोनीबाई होती. फेटिया-कांचळी म्हणजे घागरा-चोळी घातलेली, आरशांची ओढणी डोक्यावरून घेतलेली, हसू ओठात दाबून धरलेली. आणि तिच्या दोन्ही कानांजवळ चांदीची घुगरी लटकत होती. सगळं दुखणं त्या घुगरीचं होतं.

फुलसावंगीच्या शिवेला लागून जो बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथली ही सोनीबाई. तिचे खापरपणजे बैलांच्या पाठीवर मिठाची पोती लादून मुलूख तुडवायचे. आता तांडा एका जागी बसला, कापूस, तूर, सोयाबीन करू लागला, बैल गेले आणि दारात मोटारसायकली आल्या. तरी बायकांच्या अंगावरचा कायदा जुनाच राहिला. टोपली म्हणजे चांदीची छोटीशी वाटी, ती कानशिलाजवळच्या केसांत वेणीसकट गुंफतात आणि तिला घुगऱ्या लोंबतात, चालताना किणकिणणाऱ्या. ती नवरा असलेल्या बाईची. कोपराच्या वरचा चुडाही तिचाच. नवरा गेला की दोन्ही उतरतं. सोनीबाईचा हिरासिंग एका पावसाळ्यात काविळीनं गेला, आणि मोठ्या जावेनं कात्रीनं दोरा कापून तिच्या केसांतली टोपली काढून घेतली. सोनीबाईनं ती धुऊन, पुसून, फडक्यात बांधून पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवली. तेव्हापासून साधी साडी, कोपराखाली चार काचेच्या बांगड्या, बस.

बाई तोंडाची फटकळ. तांड्यात लग्न असो की तीज, कोणी काय घातलं, कोणाला काय शोभलं नाही, याचा निवाडा सोनीबाईचा. हा मान तिला कोणी दिला नव्हता, तिनं घेतला होता. त्यातून एकदा फार वाईट घडलं. संगीता नावाची तिच्या दिराची सून, वयानं अगदी लहान, नवरा ट्रॅक्टरखाली सापडून गेलेला. वर्ष झालं तरी पोरीच्या दंडावर चुड्यातल्या दोन बांगड्या तशाच. तिजेच्या दिवशी दुरड्यांत उगवलेले गव्हाचे हिरवे कोंब घेऊन पोरी नाचत होत्या, तिथं संगीता कडेला उभी राहून नुसत्या टाळ्या वाजवत होती. सोनीबाईनं साऱ्या बायांदेखत तिचा दंड धरला आणि म्हणाली, "नवरा गेला, नखरा नाही गेला वाटते!" बाया हसल्या. संगीता हसली नाही, रडलीही नाही. घरी गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या दंडावर बांगड्या नव्हत्या, पट्टी होती. दंडात रुतलेल्या बांगड्या तिनं दगडानं फोडल्या होत्या.

सोनीबाईला तेव्हा वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. रीत ती रीत, असं म्हणून ती झोपली होती.

आता निकिताचं. फुलसावंगीतले घनश्यामभाऊ म्हणजे पोटापुरती बरी शेती असलेला कुणबी माणूस. त्यांच्या वावरात सोनीबाई कापूस वेचायला जाई, ती थेट निकिताच्या जन्माआधीपासून. घनश्यामभाऊंची बायको विमलताई बाळंतीण झाली तेव्हा हिनंच तिला शेक दिला होता. ती निकिता मोठी होऊन यवतमाळला चित्रकला शिकायला गेली. घनश्यामभाऊंना ते पटत नव्हतं. "चित्रं काढून कोणाचं पोट भरलं बाप्पा?" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत. पण एकुलती एक पोर, जाऊ दिली.

दिवाळीच्या सुट्टीत पोरगी आली ती डोक्यात एक खूळ घेऊनच. प्लास्टिकच्या नोटा येणार येणार अशी हवा पेपरात अधूनमधून उठतेच, त्यावरून तिकडच्या एका कलासंस्थेनं स्पर्धा ठेवली होती : अशी नोट निघालीच, तर तिच्यावर आपल्या जिल्ह्यातलं काय असावं? चित्र काढा. निवडलेली चित्रं खरोखरच्या प्लास्टिकवर छापून प्रदर्शनात मांडणार, आणि पहिलं येईल त्याला पुण्याच्या एका स्टुडिओत वर्षभर शिकायला जागा. घनश्यामभाऊंनी जाहीर करून टाकलं, "नंबर आला तं जाय पुण्याले. नाही आला तं हे रंगबिंग बंद."

वावरात बांधावर बसून भाकर खाताना निकितानं सोनीबाईला सगळं समजावून सांगितलं. "मावशी, सगळे वाघ काढून राह्यले. नाही तं धबधबा, नाही तं कापसाचं बोंड. नोटेवर वाघ चालते, मोर चालते, देऊळ चालते, मंग राबणारी बाई काहून चालत नाही? मी तुमाले काढतो."

"मले?" सोनीबाईच्या हातातला घास हातातच राहिला. "माह्या थोबाडाची नोट कोणं घेईन वं?"

"तुमचा तो आरशाचा पोशाख हाय ना, तो घालाचा. आन् हे पाह्या," निकितानं हातावरच बोटानं नोट आखून दाखवली, "प्लास्टिकच्या नोटेत एक जागा काचेसारखी आरपार राह्यते. नकली नोट वळखू यावी म्हणून. सगळे ती खिडकी कुठं तरी कोपऱ्यात टाकतात. मी ती तुमच्या ओढणीतल्या आरशाच्या जागी टाकीन. नोट उजेडात धरली का आरसा चमकन."

सोनीबाईला त्यातलं आरशाचं तेवढं समजलं, आणि ते तिला फार आवडलं. आपल्या ओढणीवरच्या आरशांतून कोणी उजेड पाहील, असं तिला साऱ्या जन्मात कोणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पेटीतला पोशाख गाठोड्यात बांधून घनश्यामभाऊंच्या घरी गेली. विमलताई बाजाराला गेल्या होत्या. ओसरीत उजेड छान होता. सोनीबाईनं फेटिया नेसली, कांचळी घातली, आणि गाठोडं रिकामं करताना तळातलं फडकं तिच्या हाताला लागलं. तिनं ते सोडलं. चांदी काळवंडली होती.

निकितानं पाहिलं. पोरगी चौकस, चार पुस्तकं चाळून आलेली. दबकत म्हणाली, "मावशी, ते नका घालू. हिरासिंगकाका गेले ना... मी वाचलं हाय, मंग नाही घालत म्हणून. बिना घुगरीचं बी चांगलंच दिसन."

हे वाक्य नीट ध्यानात ठेवा, कारण पुढं सोनीबाईला ते विसरायची फार इच्छा झाली. पोरीनं नको म्हटलं होतं.

"चित्रातच तं हाय," सोनीबाई म्हणाली. "कोणं पाह्यते?"

आणि ती आतल्या खोलीत गेली. विमलताईंच्या कपाटाला उभा आरसा होता. त्याच्यासमोर बसून तिनं राखुंडीनं चांदी घासली, केस मोकळे केले, कानशिलाजवळच्या बटांच्या बारीक वेण्या घातल्या आणि त्यांत टोपली गुंफली. किती वर्षं झाली होती, पण बोटं काही विसरली नव्हती. मग मान हलवली. घुगरी किणकिणली, आणि आरशात पाहते तर हिरासिंगची सोनी. तिला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. वाटला तो आनंद, अगदी चोरून गूळ खाल्ल्यासारखा. पुन्हा एकदा मान हलवून तिनं तो आवाज ऐकला, मग बाहेर येऊन बाजेवर बसली, आणि निकिता चित्र काढत होती तोवर हसू दाबत राहिली. ते हसू चित्रात जसंच्या तसं उतरलं.

काम झाल्यावर तिनं टोपली सोडली, फडक्यात बांधली आणि घरी आली. रस्त्यात कोणी भेटलं नाही. भेटलं असतं तरी काय दिसणार होतं?

थंडी सरायच्या सुमारास निकिता यवतमाळहून नाचतच आली. चित्र पहिल्या फेरीत निवडलं गेलं होतं. संस्थेनं नमुने छापून दिले होते, त्यांतली एक नोट तिनं सोनीबाईच्या पोराला, संजयला, रस्त्यातच दिली. संजयनं ती तांड्यात नेली. मग काय विचारता! "याडी नोटेवर आली, याडी नोटेवर आली!" तांड्यात आईला याडी म्हणतात. पोरंटोरं नोट पाण्यात बुडवून पाहू लागली, भिजत नाही म्हणून ओरडू लागली. म्हातारे उजेडात धरून ओढणीतल्या खिडकीतून एक डोळा मिटून पाहू लागले. तांड्याचा नायक नेमसिंग म्हणाला, "पाह्या, आपल्या गोरमाटीची बाई आता देशाच्या खिशात जाईन." सोनीबाई दारात उभी राहून सगळं ऐकत होती आणि तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

तेवढ्यात नोट बायांच्या हातात गेली. त्या खिडकीतून पाहत बसल्या नाहीत. त्यांनी बाई पाहिली. आणि एकेक करून गप्प झाल्या.

आवाज कसा बंद पडत गेला ते सोनीबाईला कळलं. संजय नोट घेऊन तिच्याजवळ आला, आणि त्यानं चित्रातल्या कानाजवळ बोट ठेवलं. "याडी, ई काँई छ?" हे काय आहे, एवढंच त्यानं विचारलं. आपसात ती माणसं गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीतच बोलतात, पण पुढचं आपण वऱ्हाडीत ऐकू.

सोनीबाईनं समोर पाहिलं. सगळा तांडा उभा होता, आणि त्यात कडेला संगीता उभी होती. दंडावरचे वळ अजून गेले नव्हते.

"मले काय समजते?" सोनीबाईच्या तोंडून निघालं. "पोरीनं घालाले लावलं. म्हणे, फोटोत चांगलं दिसते. शिकली-सवरली पोरगी, मी काय बोलू?"

इतकं सोपं होतं ते. जीभ उचलली आणि टाळ्याला लावली.

संध्याकाळच्या आत नेमसिंग चार माणसं घेऊन घनश्यामभाऊंच्या अंगणात गेला. सोनीबाईलाही चलायला लागलं, कारण विटाळलेला मान तिचाच होता ना! घनश्यामभाऊ बिचारे उघड्या अंगानं बाहेर आले, काही न समजता खुर्च्या मांडू लागले. कोणी बसलं नाही. नेमसिंग म्हणाला, "भाऊ, तुमच्या पोरीनं आमच्या बाईची अब्रू चव्हाट्यावर आणली. रांडाव बाईले घुगरी घालून नोटेवर छापलं. आमची रीत तुमाले खेळ वाटला का?"

निकिता दारात आली. तिनं आधी नेमसिंगकडे पाहिलं, मग सोनीबाईकडे. सोनीबाईनं आपल्या पायांकडे पाहिलं. अंगठ्याच्या नखाला माती लागली होती, ती तिनं दुसऱ्या पायानं पुसली.

मग निकिताचा आवाज आला, "चूक माही हाय, काका. मीच घालाले लावली. मावशी नको म्हणे, पण मले काही माहीत नव्हतं. मी चित्र परत घेतो."

बापानं भरल्या अंगणात हात जोडले. विमलताई चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांची नजर सोनीबाईवरून हलत नव्हती. शेक देणारे हात त्यांनाही आठवत असतील. सोनीबाईला वाटलं, आता बोलावं, अजून वेळ गेली नाही. पण ती माणसं अंगणातून वळली आणि तिचे पाय त्यांच्यामागून निघाले.

निकितानं चित्र परत घेतलं. त्याच्या जागी घाईघाईनं एक मोर काढून दिला. असे मोर तिथं खंडीभर होते. नंबर आला नाही. पुणं राहिलं, यवतमाळही सुटलं. बाप दिलेल्या शब्दाला पक्का निघाला. हल्ली पोरगी महागावला फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसते म्हणे, वाढदिवसाचे बॅनर करते.

हे सगळं सोनीबाईला बबितानं सांगितलं, भाजी निवडता निवडता. तिनं ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून घनश्यामभाऊंच्या वावराचा रस्ताच सोडला. कामाला दुसरीकडे जाऊ लागली, लांबचा फेरा घेऊन. तांड्यात तिला कोणी बोट लावलं नाही. उलट बायका हळहळत, "बिचारीले फसवलं पोरीनं." प्रत्येक वेळी हे ऐकलं की तिला वाटे, कोणी तरी शिव्या घालाव्या, केस धरून ओढावं, पण ही दया नको. नोट तेवढी तिच्याजवळ राहिली होती, संजयनं रागानं फेकलेली. ती फाटेना, जळेना, गोठ्यात पुरली तर कुत्र्यानं उकरून अंगणात आणली. आपलं पाप आपल्याच दारात, आणि तेही हसऱ्या तोंडाचं!

तर त्या दिवशी गोठ्यामागं, दातानंही नोट फाटली नाही तेव्हा, सोनीबाई ती मांडीवर ठेवून बसून राहिली. चित्रातली बाई काही केल्या हसू सोडत नव्हती. "हासतं काय भवाने?" सोनीबाई तिला म्हणाली, आणि मग एकटीच रडली. रडून झाल्यावर तिनं नोट कमरेला खोचली.

वर्ष उलटून पुन्हा होळी होऊन गेली होती. होळीनंतर नायकाच्या दारात नसाब बसते, म्हणजे तांड्याची पंचायत. कोणाची बकरी कोणाच्या वावरात गेली, कोणी दारू पिऊन कोणाला काय बोललं, असले निवाडे. सकाळची वेळ होती. पुरुष लिंबाखाली बसलेले, बाया कडेला. सोनीबाई मधोमध जाऊन उभी राहिली. नेमसिंग म्हणाला, "काय वं सोनीबाई, तुही बी बकरी गेली का?" लोक हसले.

तिनं नोट काढून त्याच्यासमोर बाजेवर ठेवली. "हे खोटं हाय," ती म्हणाली. "म्हणजे घुगरी खरी हाय. मी जे बोलली ते खोटं हाय. पोरगी नको म्हणे. मीच घातली. माह्या हातानं घातली, मले घालाविशी वाटली म्हणून घातली. पोरीनं माह्यासाठी आळ घेतला अंगावर. आता मले काय दंड लावाचा तो लावा. तांड्याबाहेर काढा."

बोलून झालं. तिनं डोळे मिटून घेतले.

काहीच झालं नाही.

नेमसिंगनं घसा खाकरला. बाजेवरच्या नोटेकडं त्यानं पाहिलंही नाही. "बस वं, सोनीबाई. ते तं आमाले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

नेमसिंग उत्तर द्यायच्या आधी बायांतून संगीता बोलली. तिचा आवाज एवढ्या माणसांत सोनीबाईनं कधी ऐकला नव्हता. "काकी, टोपली तं केसात गुंफा लागते. वेणी घालून. त्या कुणब्याच्या पोरीले थोडी गुंफता येते? नोट पाह्यली तवाच सगळ्या बायायले समजलं, ते तुमचेच हात हायेत."

सोनीबाईनं बायांकडे पाहिलं. कोणी पदर सारखा करत होती, कोणी पोराचं नाक पुसत होती. सगळ्यांना माहीत होतं. पहिल्या घटकेपासून. नवऱ्यांनाही घरोघरी माहीत होतं. 'बिचारीले फसवलं' म्हणणाऱ्यांनाही माहीत होतं.

"मंग तुम्ही घनश्यामभाऊच्या दारी कायले गेले?" तिनं नेमसिंगला विचारलं.

"तूच तं म्हणली पोरीनं लावलं म्हणून. आपल्या घरचं झाकल्या जात होतं, झाकू देल्लं. पोरगी बी हो म्हणली. मिटलं." नेमसिंगनं हात झटकला. "दंड कायचा लावाचा आता? जाय, घरी जाय. चाला रे, बकरीवाले कोण हाय?"

म्हणजे एवढंच होतं. ज्याच्या भीतीनं तिनं पोरीचं आयुष्य मोडू दिलं, ते एवढंसं होतं. एक हात झटकला, संपलं. सोनीबाई संगीतासमोरून जाताना थांबली. आता ही म्हणेल, काकी, नवरा गेला, नखरा नाही गेला वाटते. म्हणावं, अशी तिची फार इच्छा होती. तो टोमणा आला असता तर निदान एक फेड झाली असती. संगीतानं बाजूला सरकून तिला वाट दिली.

सोनीबाई घरी गेली नाही. तशीच फाट्यावर आली आणि महागावच्या ऑटोत बसली.

फ्लेक्सचं दुकान बसस्टँडजवळ. आत शाईचा उग्र वास, मशीनमधून एक लांबलचक बॅनर बाहेर येत होता. निकिता कॉम्प्युटरसमोर बसून एका गॉगलवाल्या माणसाचं डोकं कापून फुलांच्या चौकटीत बसवत होती. खाली लिहिलं होतं, भावी सरपंच. तिनं वर पाहिलं आणि उठून उभी राहिली.

"मावशी! बसा ना." स्टूल पुसून दिलं. समोरच्या टपरीवर बोट वर करून दोन चहा सांगितले. पोरगी वाळली होती, पण बोलणं तसंच गोड होतं, आणि तेच सोनीबाईला सोसवेना.

चहा आला. सोनीबाईनं तो हातात धरला आणि एका दमात सांगून टाकलं. "पोरी, मी आज नसाबीत सगळ्यायसमोर सांगतलं. का तू नको म्हणे आन् मीच घुगरी घातली. सगळं सांगतलं. मी लय वाईट केलं तुयं."

निकिताचे डोळे भरून आले. "काहून सांगतलं, मावशी? झालं ते झालतं. आता तुमाले तरास देतीन ना लोक."

"नाही देत."

"काय म्हणले?"

इथं सोनीबाईनं थांबायला हवं होतं. काही तरी दुसरं सांगायला हवं होतं. पण एक खोटं एवढं महाग पडलेली बाई ती, तिनं खरं सांगितलं. "म्हणले, आमाले पहिल्यापासून माहीत होतं. टोपली तुले गुंफता येत नाही, हे बायायले समजलं होतं."

"सगळ्यायले?"

"सगळ्यायले."

निकिता खुर्चीत बसली. मशीन घरघरत होतं. मग ती म्हणाली, रागानं नाही, नुसतं आपल्याशी बोलावं तसं, "मी म्हणत जाओ, नोट गेली तं गेली, पुणं गेलं तं गेलं. मावशीची अब्रू तं राह्यली ना. इथं बसून रोज तेच म्हणत जाओ मी."

सोनीबाईला तेव्हा कळलं आपण काय केलं ते. स्वतःच्या छातीवरचा धोंडा उतरवायला ती आली होती, आणि पोरीजवळ जे एवढंसं उरलं होतं तेही तिनं काढून घेतलं होतं. अंगणात गप्प बसली तेव्हा एकदा, आणि आज बोलली तेव्हा दुसऱ्यांदा.

काही सुचेना म्हणून तिनं कमरेची नोट काढली आणि टेबलावर ठेवली. "हे तुयं हाय. ठेव."

निकितानं जळका कोपरा पाहिला, दातांचे वण पाहिले. नोट उचलून ट्यूबलाइटसमोर धरली. ओढणीतल्या त्या खिडकीतून उजेडाचा एक ठिपका तिच्या गालावर पडला. "घुगरी मी पुसू शकत होती, मावशी," ती म्हणाली. "एका मिनिटाचं काम. पण घुगरी पुसली तं ते हासू खोटं वाटे. म्हणून राहू देल्ली." नोट खाली घेऊन तिनं विचारलं, "चित्र चांगलं झालतं, नाही?"

"लय चांगलं झालतं, पोरी."

तेवढ्यात भावी सरपंचाची माणसं आली. गॉगल अजून काळा पाहिजे म्हणाली. निकितानं डोळे पुसले, नोट ड्रॉवरमध्ये टाकली आणि माऊस हातात घेतला. "चहा प्या मावशी, थंडा होऊन राह्यला," ती वळून न पाहता म्हणाली. सोनीबाईनं सायीसकट सगळा चहा एका घोटात पिऊन टाकला, कप खाली ठेवला आणि बाहेर पडली.

घरी पोचली तेव्हा बबिता दारातच उभी होती; सासू महागावच्या ऑटोत बसल्याचं तिला कोणी तरी सांगितलं होतं. "आत्याबाई, काय म्हणली पोरगी?"

"काही नाही," सोनीबाई म्हणाली. "चहा पाजला."

आणि ते खरंच होतं. तोच घोट अजून तिच्या घशाखाली उतरत नव्हता.